अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचायला सुरुवात कशी करावी : ठाणे-नवी मुंबईतील नव्या वाचकांसाठी

अद्भुतरम्य कादंबरी वाचावीशी वाटते, पण कोणती घ्यावी हे कळत नाही, चार जण चार नावे सांगतात आणि त्यांतले सर्वांत गाजलेले पुस्तक घरी आणल्यावर ते पंधराविसाव्या पानावर मिटले जाते, असा अनुभव ज्यांना आला असेल त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे स्वतःचे असेच झाले होते. ठाण्याहून कोपरखैरण्याला नोकरीनिमित्त रोजचे जाणे-येणे सुरू झाले, तेव्हा गाडीतला वेळ सत्कारणी लागावा म्हणून मी टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची एका बांधणीतली, हजाराहून अधिक पानांची इंग्रजी प्रत विकत घेतली. त्या पुस्तकात पहिल्या प्रकरणाआधी एक प्रस्तावना आहे आणि तिच्यात हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या चालीरीती, त्यांची कुळे आणि त्यांच्या तंबाखूचा इतिहास सांगितलेला आहे. मी तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा त्या तंबाखूपाशी थांबले. कथा अजून सुरूच झालेली नाही हे मला ठाऊक नव्हते. हा वाङ्मयप्रकार आपल्यासाठी नाही, अशी मी समजूत करून घेतली.

पुढे मे महिन्याच्या सुटीत आठवीतला भाचा राहायला आला. त्याने ते पुस्तक कपाटावर पाहिले आणि म्हणाला, "अगं मावशी, हे नंतरचं आहे. आधी हॉबिट वाच ना. आणि ती प्रस्तावना सोडून दे, मीपण सोडली होती." 'हॉबिट' हे टॉल्किन यांचेच आधीचे, लहान पुस्तक. दुकानात उभी असताना कोणी मला एवढेच सांगितले असते, तर माझे एक वर्ष वाचले असते. पहिले पुस्तक सर्वांत श्रेष्ठ असण्याची गरज नसते. ते आपल्या हातून पूर्ण होणारे असावे लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच दृष्टीने सांगितल्या आहेत.

सुरुवातीला काय हाताशी असावे

- एक पातळ वही आणि पेन्सिल. पात्रांची नावे लिहिण्यासाठी ती लागते. तिचा उपयोग सहाव्या पायरीत सांगितला आहे.
- दोन वाचनखुणा. एक चालू पानासाठी आणि दुसरी नकाशाच्या पानासाठी.
- वाचनालयाचे सभासदत्व घेणार असाल, तर ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, त्यांच्या झेरॉक्स प्रती, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि अनामत व वर्गणी यांसाठी रोख रक्कम. नियम आणि रकमा प्रत्येक वाचनालयाच्या वेगळ्या असतात, त्यामुळे आधी एक फोन करावा.
- अनामतीची पावती ठेवायला एक जागा. सभासदत्व सोडताना अनामत परत मागायची वेळ येते तेव्हा ती पावती लागते आणि नेमकी तेव्हाच ती सापडत नाही.

१. आपण आधी काय वाचले आहे ते आठवा

फँटसी, म्हणजे हीच अद्भुतरम्य कथा, परदेशातून आलेले काहीतरी नवे आहे, या समजुतीने पुष्कळ मराठी वाचक बिचकतात. वास्तविक वेताळाच्या गोष्टी, गुलबकावली, हातिमताई आणि अरबी सुरस कथा यांवर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. काश्मीरमध्ये अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त आकाशातून जाणारे विद्याधर आहेत, शापाने रूप पालटलेली माणसे आहेत आणि वेताळाच्या त्या पंचवीस कथाही त्यातच आहेत. मराठी कादंबरीचा आरंभकाळही अद्भुताने भरलेला आहे : लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ साली आली आणि तिने कित्येक घरांत लोकांना रात्री जागवले. वास्तववादी कादंबरी पुढे इतकी प्रतिष्ठित झाली की अद्भुताला आपण मुलांच्या कपाटात ढकलून दिले, हे मला मनापासून खेदाचे वाटते.

हे आठवायचे कारण व्यावहारिक आहे. एका कागदावर तुम्हाला आवडलेली पाच पुस्तके लिहा. ती फँटसीची असण्याची काही गरज नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांतले दरबारी डावपेच आवडले असतील, तर एका प्रकारची पुस्तके तुमच्यासाठी आहेत. प्रवासवर्णने किंवा दुर्गभ्रमणाची पुस्तके आवडली असतील, तर दुसऱ्या प्रकारची. विनोदी लेखन आवडत असेल, तर तिसऱ्या. 'मृत्युंजय'सारखी जाडजूड कादंबरी ज्याने आनंदाने संपवली आहे, त्याने पानांच्या संख्येला भिण्याचे कारण नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कादंबऱ्या ज्यांनी रात्री दिवा लावून वाचल्या आहेत, त्यांना काळोख्या, भयाकडे झुकणाऱ्या फँटसीची गोडी लवकर लागते.

येथे एक फरक लक्षात ठेवावा. विज्ञानकथेत जे अशक्य घडते त्याला शास्त्राचा आधार दिलेला असतो. पौराणिक कादंबरीत आपल्याला माहीत असलेली कथा नव्या नजरेने सांगितलेली असते. भयकथेचा हेतू भीती हा असतो. अद्भुतरम्य कादंबरीत लेखक बहुधा एक वेगळे जग किंवा वेगळा नियम उभा करतो आणि त्या नियमाशी शेवटपर्यंत इमान राखतो. दुकानात ही चारही प्रकारची पुस्तके एकाच फळीवर लावलेली असतात, म्हणून मलपृष्ठावरचा मजकूर वाचूनच पुस्तक उचलावे.

२. जादूची जात ओळखा

या पायरीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. या कादंबऱ्यांत जादू असते एवढे सर्वांना माहीत असते, पण ती जादू कोणत्या जातीची आहे, यावर ते पुस्तक आपल्याला रुचेल की नाही हे पुष्कळसे अवलंबून असते.

काही लेखक जादूचे नियम हिशेबाच्या वहीसारखे काटेकोर मांडतात. ब्रँडन सँडरसन यांच्या 'मिस्टबॉर्न' या २००६ साली सुरू झालेल्या मालिकेत काही माणसे धातूचे कण गिळून पोटात 'जाळतात' आणि कोणता धातू कोणती शक्ती देतो हे ठरलेले असते : लोखंडाने आसपासचा धातू आपल्याकडे ओढला जातो, पोलादाने तो दूर ढकलला जातो, कथिलाने इंद्रिये तीक्ष्ण होतात. लढाईच्या प्रसंगी कोणापाशी कोणता धातू उरला आहे हे वाचकालाही मोजता येते. ज्यांना बुद्धिबळ किंवा रहस्यकथा आवडतात, त्यांना ही जात चटकन भावते. उलट टॉल्किन यांच्याकडे गॅन्डाल्फ हा जादूगार नेमके काय काय करू शकतो याची यादी कुठेही नाही. तिथे जादू ही पावसाळ्यातल्या येऊरच्या जंगलासारखी आहे, तिचा थांग लागत नाही आणि तो लागू नये अशीच लेखकाची इच्छा आहे. नियम शोधत बसणारा वाचक तिथे कंटाळतो.

तिसरी जात मला सर्वांत जवळची वाटते. उर्सुला ले ग्वीन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या १९६८ सालच्या कादंबरीत प्रत्येक वस्तूला, प्राण्याला आणि माणसाला एक खरे नाव असते आणि ज्याला ते कळते त्याची त्या वस्तूवर किंवा त्या माणसावर सत्ता चालते. म्हणून तिथली माणसे आपले खरे नाव अगदी विश्वासातल्या एखाद्यालाच सांगतात आणि एरवी दुसऱ्या नावाने वावरतात. हे वाचताना मला माझी आजी आठवली. तिने आजोबांचे नाव आयुष्यभर सरळ उच्चारले नाही. एकदा रेशनकार्डाच्या कामासाठी आम्ही खिडकीपाशी उभ्या होतो आणि आतल्या माणसाने "कुटुंबप्रमुखाचं नाव?" असे विचारले, तेव्हा आजीने पदर सारखा केला, माझ्या आईकडे पाहिले आणि नाव आईने सांगितले. उखाण्याच्या आडोशानेच जे घ्यायचे असते त्या नावात काही शक्ती असते, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून द्यावे लागत नाही. अर्थसीचे ते पुस्तक दोनशे पानांच्या आसपासचे आहे, त्याचे इंग्रजी गंभीर पण स्वच्छ आहे, आणि त्यातला गेड नावाचा मुलगा गर्वापोटी जी सावली जगात सोडतो, तिच्यापासून पळता पळता शेवटी तिच्याच मागे लागतो. या एका पुस्तकाने माझे वाचन बदलले.

यांखेरीज विनोदासाठी जादू वापरणारे लेखक आहेत, त्यांत टेरी प्रॅचेट यांचे स्थान फार वरचे आहे. तुम्हाला यांपैकी कोणती जात ओढून घेते हे ठरवण्यासाठी पूर्ण पुस्तक घ्यावे लागत नाही. बहुतेक ई-पुस्तकांच्या दुकानांत पहिली काही पाने नमुना म्हणून विनामूल्य वाचता येतात. तीन जातींचे तीन नमुने एका रविवारी वाचावेत आणि ज्याचे पुढचे पान पाहावेसे वाटले ते निवडावे.

३. भाषा ठरवा आणि ती मध्येच बदलू नका

या प्रकारातली बरीचशी पुस्तके इंग्रजीत आहेत, हे खरे आहे. तरी मराठीतून सुरुवात करणे पूर्णपणे शक्य आहे आणि घरात वडीलधाऱ्यांना किंवा मुलांना सोबत घ्यायचे असेल, तर तेच उत्तम. टॉल्किन यांच्या 'हॉबिट'चा मराठी अनुवाद मीना किणीकर यांनी केला आहे आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने. दोन्ही पुण्याच्या डायमंड पब्लिकेशन्सने प्रसिद्ध केले. हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद मंजुल पब्लिशिंग हाऊसने काढले आहेत आणि त्यांतल्या पहिल्या भागाचे नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असे आहे. मूळ इंग्रजी नावातला दगड म्हणजे लोखंडाचे सोने करणारा, किमयागारांचा दगड. त्यासाठी 'परीस' हा शब्द आपल्याकडे शतकानुशतके तयारच होता. अनुवाद म्हणजे उष्टे अन्न, असे मानणाऱ्यांनी या एका शब्दाचा विचार करावा.

अमीश त्रिपाठी यांची २०१० साली सुरू झालेली शिवकथेची त्रयीही मराठीत मिळते. ती वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की ती कल्पित कथा आहे. पुराणांतले संदर्भ पडताळण्यासाठी तिचा उपयोग करू नये.

सापळा असा : पहिला भाग मराठीत वाचायचा आणि दुसरा मिळाला नाही म्हणून इंग्रजीत घ्यायचा. अनुवादकाने स्थळांची, शस्त्रांची आणि जमातींची नावे मराठीत घडवलेली असतात, त्यामुळे इंग्रजीत गेल्यावर ओळखीची माणसेच अनोळखी होतात. मराठी अनुवादांच्या प्रती काही वेळा बाजारात संपलेल्या असतात. म्हणून मालिका सुरू करण्यापूर्वीच तिचे सर्व भाग मराठीत उपलब्ध आहेत का, हे दुकानदाराला किंवा ग्रंथपालांना विचारून घ्यावे.

इंग्रजीतून वाचायचे असेल आणि सवय नसेल, तर मुलांसाठी म्हणून लिहिलेली पुस्तके घेण्यात काही कमीपणा नाही. सलमान रश्दी यांचे 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज' हे १९९० सालचे छोटे पुस्तक, ज्यात गोष्ट सांगण्याची कला हरवलेल्या बापासाठी मुलगा गोष्टींच्या उगमापर्यंत जातो, मोठ्यांनाही तितकेच गुंतवून ठेवते.

४. पहिले पुस्तक निवडा

माझ्या कसोट्या तीन आहेत. पुस्तक शक्यतो तीनशे पानांच्या आतबाहेर असावे. त्याची कथा त्याच पुस्तकात पुरी व्हावी. आणि पहिल्या पायरीत लिहिलेल्या आपल्या पाच आवडत्या पुस्तकांपैकी एकाशी तरी त्याचे नाते असावे.

प्रवासाची आणि साहसाची ओढ असणाऱ्याने 'हॉबिट' घ्यावे. १९३७ साली प्रसिद्ध झालेली ही कथा घराबाहेर पडायला नाखूश असलेल्या एका सुखवस्तू गृहस्थाची आहे आणि ती एकोणीस प्रकरणांत संपते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचण्यासाठीही हे पुस्तक फार चांगले आहे.

दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी 'हॅरी पॉटर आणि परीस' हाच माझा सल्ला राहील. मालिकेत सात भाग आहेत, पण पहिला भाग स्वतःपुरता पूर्ण आहे. पुढचे भाग जाडीने आणि गांभीर्याने वाढत जातात. चौथ्या भागापासून मृत्यूचे प्रसंग येतात, तेव्हा मुलाच्या वयाप्रमाणे वर्ष-वर्ष अंतराने ते दिल्यास बरे.

विनोदप्रिय वाचकाने प्रॅचेट यांचे 'मॉर्ट' (१९८७) घ्यावे. त्यात साक्षात मृत्यू एका खेडवळ मुलाला आपल्या हाताखाली उमेदवारीला ठेवतो. ज्यांना समकालीन गंभीर कादंबऱ्या वाचायची सवय आहे, त्यांनी सुझॅना क्लार्क यांचे 'पिरानेसी' (२०२०) वाचावे. असंख्य दालने आणि पुतळे असलेल्या एका अमर्याद वास्तूत राहणारा माणूस रोजनिशी लिहितो, खालच्या दालनांत समुद्राची भरती येते, वरच्या दालनांत ढग असतात, आणि तो तिथे कसा आला हे हळूहळू उलगडते. याला २०२१ सालचा इंग्लंडमधील विमेन्स प्राइज हा पुरस्कार मिळाला.

दरबार, सत्ता, बंडाळी यांत रस असणाऱ्यांसाठी ताशा सुरी यांची 'द जॅस्मिन थ्रोन' ही २०२१ सालची कादंबरी आहे. तिचे जग भारतीय इतिहासातून आणि पुराणकथांतून स्फुरलेले आहे, कैदेतली राजकन्या आणि तिची दासी या दोघींभोवती कथा फिरते, आणि तिला वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळाले. ती माझ्या पानांच्या कसोटीत बसत नाही आणि त्रयीचा पहिला भाग आहे, तरी तिन्ही भाग पूर्ण झालेले असल्यामुळे मी ती सुचवते. ती प्रौढांसाठी आहे. याच संदर्भात एक गोष्ट निक्षून सांगते : मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे म्हणून पुस्तक मुलांचे ठरत नाही. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांत क्रूर हिंसा आणि लैंगिक प्रसंग आहेत, आणि परीकथा समजून त्या शाळकरी मुलाच्या वाढदिवसाला दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

५. पुस्तक मिळवा

ठाण्यात राहणाऱ्यांनी प्रथम मराठी ग्रंथ संग्रहालयाकडे वळावे. १८९३ साली स्थापन झालेली ही संस्था मराठी पुस्तकांच्या संग्रहासाठी नावाजलेली आहे, आणि जुनी, आता छापली न जाणारी अद्भुत कादंबरी शोधायची तर असल्या जुन्या ग्रंथालयाला पर्याय नाही. नवी मुंबईत राहणाऱ्यांनी आपापल्या नोडमधल्या सार्वजनिक वाचनालयाची चौकशी करावी. सेक्टरच्या मंडळांतही लहान वाचनालये असतात आणि तिथे मुलांच्या कपाटात अनपेक्षितपणे चांगली पुस्तके मिळतात.

वाचनालयात "फँटसीची पुस्तके कुठे आहेत?" असे विचारल्यास बहुधा उत्तर मिळत नाही, कारण तसा विभागच नसतो. मराठीत ही पुस्तके अनुवादित कादंबऱ्या, बालवाङ्मय, विज्ञानकथा आणि गूढकथा अशा चार ठिकाणी विखुरलेली असतात. म्हणून लेखकाचे आणि अनुवादकाचे नाव लिहून न्यावे आणि ग्रंथपालांना दाखवावे.

जुनी इंग्रजी पुस्तके पाहायची असतील, तर किंग्ज सर्कल आणि फ्लोरा फाउंटन येथील पदपथांवरचे विक्रेते आहेतच. मात्र जुने पुस्तक आणि बनावट छपाईचे पुस्तक यांत फरक असतो आणि तो मला किंमत मोजून कळला. एका स्टेशनाबाहेर मी नवीकोरी दिसणारी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक जाड कादंबरी स्वस्तात घेतली. आठ दिवस ती उत्तम चालली होती. मग एका संध्याकाळी रबाळ्याच्या आसपास मी पान उलटले आणि वाक्य जुळेना. पुन्हा मागे जाऊन पाहिले, तर २८८व्या पानानंतर थेट ३२१वे पान होते. बत्तीस पानांचा एक पूर्ण फर्मा बांधणीतच घातला गेला नव्हता, आणि कथेतला वेढा फुटला तो नेमका त्याच पानांत. बनावट प्रतीमुळे लेखकाला मानधनही मिळत नाही, ही गोष्ट तर त्याहून वाईट.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी प्लॅस्टिक काढायला सांगावे, कागदातून मागच्या पानाची अक्षरे दिसतात का ते पाहावे, मुखपृष्ठावरची अक्षरे पुसट आहेत का ते पाहावे आणि पानांचे आकडे शेवटपर्यंत भरभर चाळावेत. ऑनलाइन मागवताना पुस्तकाच्या नावावर विसंबू नये. तीन खंडांची नावे सारखीच दिसतात, पण प्रत्येकाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला तेरा आकडी ओळखक्रमांक, वेगळा असतो. तो जुळवूनच मागणी नोंदवावी.

६. पहिली पन्नास पाने अशी वाचा

सुरुवातीला सर्व काही समजले पाहिजे हा आग्रह सोडावा. लेखक नव्या जगातली माणसे, चलने, सण आणि शिव्या न समजावता वापरतो आणि त्यांचा अर्थ पुढे आपोआप उलगडतो. नव्या गावात राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात जसे होते तसेच हे आहे. कोपरखैरण्याला नोकरी लागली तेव्हा सेक्टरांचे आकडे सलग का नाहीत हे मला समजत नव्हते, पण म्हणून मी ऑफिस गाठायची थांबले नाही.

नावे मात्र लिहून ठेवावीत. टॉल्किन यांच्याकडे सॉरॉन आणि सारुमान ही दोन निराळी पात्रे आहेत, आणि स्ट्रायडर व अ‍ॅरागॉर्न ही एकाच माणसाची दोन नावे आहेत. ज्याने वहीत नोंद केली नाही तो येथे हमखास चुकतो. वहीच्या एका पानावर डावीकडे नाव, मध्ये "कोणाचा कोण" आणि उजवीकडे पहिल्यांदा भेटला ते पान, एवढे तीन रकाने पुरतात. उच्चार चुकतो की काय याची काळजी करू नये.

एखाद्या पात्राविषयी शंका आली म्हणून त्याचे नाव इंटरनेटवर शोधू नये. माहितीच्या पहिल्याच ओळींत तो पुढे कोणाच्या हातून मारला जातो हे लिहिलेले असते. मला एका आवडत्या पात्राचा मृत्यू असा तीनशे पाने आधी कळला. नकाशाचा फोटो मात्र फोनमध्ये काढून ठेवावा, म्हणजे गर्दीत उभे असताना जाड पुस्तकाची पाने मागेपुढे करावी लागत नाहीत.

प्रस्तावना, वंशावळी आणि परिशिष्टे पहिल्या वाचनात सोडून द्यावीत. टॉल्किन यांच्या कथेत मध्ये मध्ये गाणी येतात; तीही पहिल्यांदा वगळली तर कथेचा धागा तुटत नाही.

वेळेचा माझा हिशेब असा आहे : ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स-हार्बरची गाडी धरली की कोपरखैरण्यापर्यंत वीसेक मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात दहा पाने होतात. जाऊन-येऊन वीस. तीनशे पानांचे पुस्तक तीन आठवड्यांत, रविवार न मोजता, पुरे होते. मालिकेचे हजार पानी खंड प्रवासात नेऊ नयेत, मनगट दुखते. ते घरी ठेवून गाडीत फोनवर किंवा ई-वाचकावर वाचावेत.

आणि तीनशेपैकी पन्नास पाने वाचूनही पुढे काय होते याची उत्सुकता नसेल, तर पुस्तक परत करावे. जाड पुस्तकाला शंभर पाने द्यावीत.

७. मालिकेचा क्रम तपासा

या प्रकारात मालिका फार, आणि गोंधळही फार. सी. एस. लुईस यांच्या 'नार्निया' या मालिकेचे सात भाग १९५० ते १९५६ या काळात आले. हल्लीच्या संचांत कथेच्या कालक्रमानुसार क्रमांक दिलेले असतात, त्यामुळे १९५५ साली आलेले पुस्तक पहिले ठरते. नव्या वाचकाने तो आकडा मानू नये; कपाटातून बर्फाच्या प्रदेशात जाण्याची जी गोष्ट ('द लायन, द विच अँड द वॉर्डरोब') १९५० साली आली, तिच्यापासूनच सुरुवात करावी, कारण ते जग पहिल्यांदा दिसल्याचे नवल तिथे आहे. प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड' या मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत आणि पहिली सर्वांत चांगली नाही. 'मॉर्ट' किंवा शहराच्या पहारेकऱ्यांची 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९) यांपासून आत शिरावे. टॉल्किन यांचे 'द सिल्मरिलियन' त्या जगाच्या आरंभापासून सुरू होते म्हणून कोणी ते आधी वाचायला सांगेल. ते सर्वांत शेवटी वाचावे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली असली, तरी ती एकच कादंबरी आहे, तेव्हा पहिला खंड संपताना कथा अर्ध्यावर थांबल्यासारखी वाटते आणि दुसरा खंड हाताशी नसेल तर रुखरुख लागते.

अपूर्ण मालिकांची कल्पना आधीच असावी. जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा भाग २०११ साली आला आणि सहावा अद्याप आलेला नाही. पॅट्रिक रॉथफस यांच्या त्रयीचा दुसरा भागही २०११ चा आहे, तिसरा नाही. या कादंबऱ्या वाईट नाहीत, पण पहिल्या वर्षात घेऊ नयेत. रॉबर्ट जॉर्डन यांची 'द व्हील ऑफ टाइम' चौदा खंडांत पूर्ण आहे. २००७ साली लेखकाचे निधन झाल्यावर शेवटचे तीन खंड सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांवरून लिहिले. इतकी लांबी पेलायला निदान दहा-बारा पुस्तकांचा सराव हवा.

८. दुसऱ्याला पुस्तक सुचवताना

तीन-चार कादंबऱ्या झाल्या की लोक तुम्हाला विचारू लागतील. तेव्हा आपले सर्वांत आवडते पुस्तक पुढे करण्याचा मोह आवरावा. त्याने शेवटी कोणते पुस्तक पूर्ण वाचले, ते कोणत्या भाषेत होते आणि त्याला वाचायला वेळ कुठे मिळतो, हे तीन प्रश्न विचारावेत. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मी अर्थसी दिले होते; त्यांनी ते सहा महिने ठेवून न वाचता परत दिले. मग विचारल्यावर कळले की त्यांचे डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे आणि बारीक टाइप वाचवत नाही. फोनवर अक्षर मोठे करून त्यांना 'हॉबिट' उघडून दिले, तेव्हा ते बारा दिवसांत संपले आणि ते स्वतःहून म्हणाले, "आता ते अंगठीचं आण, पण मराठीतलं."

पुस्तक देताना आपली नावांची वही किंवा तिचा कागदही सोबत द्यावा, नव्या वाचकाचे बरेच कष्ट वाचतात. फक्त पन्नासाव्या पानानंतरच्या नोंदी त्यातून काढून घ्याव्यात. कोण कोणाचा मुलगा निघाला, ते त्यात लिहिलेले असते.